सुपडूनानांचे आभार

आभार मानायला माणूस उभा राहिला की सभागृहात चपलांची शोधाशोध सुरू होते. मराठी माणसाच्या सभेचा हा नियमच आहे, आणि सुरतेत येऊन दोन पिढ्या झाल्या तरी आम्ही तो सोडलेला नाही. आमच्या नवागामच्या सेवा मंडळात मात्र उलटं होतं. पाहुण्यांचं भाषण चालू असताना लोक आतबाहेर करायचे, चहा पिऊन यायचे, बायका दारात उभ्या राहून गप्पा मारायच्या. भाषण संपत आलं की एकमेकांना हाका मारत सगळे पुन्हा आत. "चला रे, नाना उठतील आता."

नाना म्हणजे सुपडूनाना. मूळचे पारोळ्याच्या बाजूचे. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये तीस वर्षं कापड तपासायचं काम केलं. तिरक्या काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावलेली असते, वरून कापड सरकत राहतं, आणि चेकर त्यात तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतलं भोक शोधतो. डाग दिसला की खडूची खूण. डाग जास्त झाले की ताका, म्हणजे कापडाची सबंध गुंडाळी, परत. या कामानं नानांची मान कायमची थोडी पुढे वाकली होती आणि बोलणाऱ्याकडे बघताना ते एक डोळा बारीक करायचे. नवख्या माणसाला वाटे, हा आपल्याला डोळा मारतोय की काय. लग्नात भेटले तर आधी सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून चोळायचे. एकदा नवरदेवाच्या शेरवानीला हात लावून म्हणाले, "हे कोणी पास केलं?" नवरदेवाचा मामा कापडाचा दलाल होता. तो तासभर बोलला नाही.

आमचं मंडळ मोठ्या हॉटेलात जेवून एकमेकांच्या गळ्यात पट्टे घालणाऱ्यांचं नव्हे. लूमवाले, मिलवाले, टेम्पोवाले, साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या बाया, अशांचं. रक्तदान, म्हाताऱ्यांना चष्मे, पोरांना वह्या, आणि महिन्यातून एका रविवारी पाहुणा वक्ता. जागा म्हणजे पिठाच्या गिरणीवरचा लांबट हॉल. खाली गिरणी सुरू झाली की वर फरशी थरथरते, आणि वक्त्याला वाटतं आपलेच पाय कापतायत.

वक्ते सगळ्या जातीचे येत. डॉक्टर, वकील, योगवाले, यशाचे मंत्र देणारे. कोणी गुजरातीत बोले, कोणी हिंदीत, कोणी असं मराठी बोले की आमच्यातल्या निम्म्यांना ते गुजरातीपेक्षा परकं वाटे. बहुतेकांची एक समजूत पक्की असायची: गरिबाला माहिती नसते, म्हणून तो गरीब असतो. माझ्या अंगाची त्यानं आग व्हायची. माझे वडील मिलच्या गेटवर पत्रकं वाटत. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, त्यामुळे मला पहिली वेलांटी आणि पहिला राग एकदमच आला. मंडळाची हॅण्डबिलं मी लिहायचे. नाना मला 'पत्रकवाली' म्हणत.

भाषण चालू असताना नाना खिडकीकडेच्या खुर्चीवर बसत. लिहून काही घ्यायचे नाहीत. टाळी वाजवायचे नाहीत. वक्ता एखादी कामाची गोष्ट बोलला की अंगठा बोटाच्या एका पेरावरून पुढच्या पेरावर सरकायचा. मग मंडळाचे अध्यक्ष, मोबाइलचं दुकान चालवणारे दगडूभाऊ, म्हणत, "आता आभार," आणि नाना उठून आधी अहिराणीत, मग नांदेड-लातूरकडच्या मंडळींसाठी साध्या मराठीत, साऱ्या भाषणाचा जीव पाच-सहा वाक्यांत काढून समोर ठेवत. त्यातलं पटलेलं "ठेवलं", न पटलेलं "परत". आणि मग ठेवलेल्याचे तेवढे आभार. ही रीत त्यांनी कुठून आणली, हे विचारायची गरज नव्हती.

एक गृहस्थ सकारात्मक विचारांवर सव्वा तास बोलले. नाना उठले. "साहेबांनी सांगितलं, सकाळी उठून आरशात बघून हसा. ठेवलं. फुकट आहे. साहेबांनी सांगितलं, मालकाला बापाच्या जागी माना. हे परत. मन्हा बाप एकच शे, आणि तो गावले शे." हॉल असा हसला की खालचा गिरणीवाला जिना चढून वर आला, काय झालं बघायला.

एकदा एक आहारतज्ज्ञ बाई आल्या. तरुण होत्या, मनापासून बोलल्या, पण बदाम, अक्रोड, एक हंगामी फळ, एक वाटी सॅलड असं चाललं होतं. नाना म्हणाले, "बाईंनी सांगितलं, रात्री बदाम भिजवा. बदाम परत. भिजवायचं ठेवलं. मटकी भिजवू." बाई आधी लाल झाल्या, मग स्वतःच हसल्या. जाताना जिन्यात त्यांनी नानांना गाठून विचारलं, "काका, इथं लोक नक्की काय खातात?" पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या तेव्हा नागली, कुळीथ, शेंगदाणे आणि लोखंडी कढई यांवर बोलल्या. त्या दिवशी नानांनी काहीच परत केलं नाही, आणि बाई परीक्षेत पास झाल्यासारख्या खुर्चीत सैल बसल्या.

सगळेच असे नव्हते. कापड बाजारातले एक मोठे व्यापारी आले तेव्हा दगडूभाऊ नानांच्या घरी आधीच जाऊन बसले होते. व्यापारी हॉलला पंखे देणार होते. "नाना, आजचा दिवस तेवढं नुसतं गोड बोला. मौलिक मार्गदर्शन वगैरे."

"मार्गदर्शन करतील तर म्हणेन की."

व्यापाऱ्यांनी स्वतःच्या कष्टांची गोष्ट सांगितली. कामगारानं सुट्टी, आजारपण, गावची लग्नं ही सोंगं सोडली तर तोही मोठा होईल, असा तिचा मथितार्थ. नानांचा अंगठा पहिल्या पेरावरून हलला नाही. ते उठले. "शेठ एवढ्या उन्हात एवढा जिना चढून आले. त्याबद्दल त्यांच्या पायांचे आभार." आणि बसले. पंखे आले नाहीत. मी त्या दिवशी आनंदानं नानांच्या पाया पडले तर ते चिडलेच. "शेठ होता म्हणून परत नाही केलं, पोरी. कापड कोणाचं ते चेकर बघत नाही. उद्या तुझं पत्रक टेबलावर आलं तर त्यालाही खडू लागेल." माझ्या हॅण्डबिलांना तो लागायचाच. "इथं 'ज्वलंत' कशाला? 'समस्या' शब्दाला काय थंडी वाजते?"

त्यांचं एक वाक्य आमच्या गल्लीत म्हणीसारखं झालं होतं. कापड खोटं बोलत नाही, घडी खोटं बोलते. माल घेताना घडी उलगडून बघा. माणसाच्या बोलण्याचंही तेच, असं त्यांचं म्हणणं. आता मागे बघताना वाटतं, आम्ही सगळे त्यांच्या या गुणावर इतके खूश होतो की एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. हॉलमधले निम्मे लोक आता भाषण ऐकतच नव्हते. ते फक्त नानांना ऐकत होते. नानांनी ठेवलं की ते घरोघरी ठेवलं जायचं. डॉक्टरनं सांगितलेली गोळी बायका विसरतील, नानांनी ठेवलेली नाही.

मग अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक साहेब आले. राहायला कामरेजला. गुजराती माणूस, हिंदीत बोलले. हात पाठीमागे बांधून, एकही उपदेश न करता, आगीबद्दल बोलले. कपाटात गॅसची टाकी ठेवू नका, जिन्यात गाड्या लावू नका, आग लागली तर लिफ्ट नाही, धुरात उभं राहू नका, खाली वाकून चाला. नानांचा अंगठा एका हाताची पेरं संपवून दुसऱ्या हातावर गेला. मी असं पहिल्यांदाच बघितलं. आभाराला उठताना ते खुशीत होते. सगळं ठेवलं, परत काहीच नाही, म्हणाले. आणि शेवटी एक वाक्य असं टाकलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या: "धूर ऱ्हावो नहीते वास, वल्ला रुमाल नाकले बांधा, जीव वाची जास." धूर असो की वास, ओला रुमाल नाकाला बांधा, जीव वाचतो.

मी ते वाक्य पुढच्या हॅण्डबिलावर चौकटीत छापलं.

भगवान आमच्याच गल्लीतला. चाळिशीचा, दोन पोरींचा बाप, मिलच्या रंगखात्यात हाताखालचं काम करणारा. तीन-चार महिन्यांनी एका दुपारी मिलच्या घाण पाण्याच्या टाकीतला पंप तुंबला. ठेकेदार म्हणाला, खाली उतरून कचरा काढ, दहा मिनिटांचं काम आहे. टाकीला वास होता. सोबतचा एकजण म्हणाला, नको उतरू. भगवाननं नळाखाली रुमाल भिजवला, नाकाला घट्ट बांधला आणि म्हणाला, "नानांनी ठेवलंय."

चौथ्या पायरीवर तो कोसळला. सोबत्यानं त्याच्या कमरेला दोर बांधायचा हट्ट धरला होता, म्हणून वर तरी ओढता आला. पंधरा-वीस दिवस दवाखान्यात काढले. जगला. पण छातीनं साथ सोडली. एक मजला चढायचा तर तीनदा थांबायचा, आणि बोलताना वाक्याच्या मध्येच श्वास संपायचा.

गल्लीचा सगळा राग आगीवाल्या साहेबांवर गेला. एवढा मोठा अधिकारी, आणि असलं खोटं शिकवून गेला! माझा राग तर शोधतच होता कोणाला तरी. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. चुकीचं शिकवून कामगाराचा जीव धोक्यात घालणाऱ्या अधिकाऱ्यानं जाहीर माफी मागावी. खाली ठेकेदार आणि मिल. छापायला देण्याआधी पुरावा हवा म्हणून दगडूभाऊंकडून त्या दिवसाचं रेकॉर्डिंग घेतलं. ते प्रत्येक भाषण मोबाइलवर टिपतात, बघत कोणीच नाही. मी ते घेऊन गेले थेट नानांकडे. साहेबांचं ते वाक्य कुठं आहे, हे त्यांनाच नेमकं आठवेल म्हणून.

दुपारची वेळ होती. नाना पलंगावर बसून भाजी निवडत होते. मोबाइल उशीला टेकवून आम्ही ऐकू लागलो. साहेब म्हणत होते, "आग में फँस गए, चारों तरफ धुआँ है, तो कपड़ा गीला करके नाक पर रखो, नीचे झुको और बाहर निकलो. ये सिर्फ बाहर निकलने तक है. कपड़ा बाँधके अंदर नहीं जाना है."

नानांच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. मी बंद करायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. पुढचं ऐकू दे." पुढे दगडूभाऊंचा आवाज, खुर्च्यांचा आवाज, आणि मग नाना स्वतः. त्यांनी स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता. "हा मी?" म्हणाले. धूर ऱ्हावो नहीते वास. टाळ्या.

त्यांनी जुडी खाली ठेवली. मग म्हणाले, "साहेबांनी ताका पूर्ण दिला होता. घडी मी घातली. आतलं दिसेनासं झालं."

मी खरं सांगते, मला त्या क्षणी नानांची नव्हे, पत्रकाची काळजी वाटली. मी म्हणाले, "नाना, हे कोणाला सांगायचं नाही. साहेबांचं नाव काढून टाकते मी. पण तुम्ही कबूल केलंत तर ठेकेदार सुटेल. तो हेच म्हणणार, तुमच्याच पुढाऱ्यानं सांगितलं होतं. मास्क नाही, जाणकार माणूस नाही, टाकीत हवा सोडली नाही, हा खरा गुन्हा आहे. तुमचं वाक्य त्याच्यापुढे काय आहे?"

"डाग आहे."

"छोटा आहे!"

"पत्रकवाली," ते म्हणाले, "एका ताक्यात दोन डाग असले तर मोठ्यावर खूण करून छोटा दुमडून टाकू? मग मी चेकर कसला? मग उद्या मोठा दाखवला तर कोण मानेल माझं?"

"भगवानचं नुकसान होईल याच्यानं."

यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोन्ही डोळे पूर्ण उघडे ठेवून. "व्हयना तर व्हई. त्याले आधी मी खाली धाडेल शे. आते त्याले खोटंबी देऊ?" नुकसान झालं तर होऊ दे, त्याला खाली मीच धाडलंय, आता वर खोटंही देऊ का, असं विचारत होते; एरवी माझ्याशी ते अहिराणी बोलत नसत.

पुढच्या रविवारी त्यांनी साहेबांना पुन्हा बोलावलं. स्वतः कामरेजला जाऊन घेऊन आले, आणि वाटेतच त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण साहेब हॉलमध्ये आले ते मान खाली घालून. भगवानला दोघांनी खुर्चीसकट वर आणला. शेजारी त्याची बायको सुनंदा, पदर खोचलेला. दगडूभाऊ माइक हातात घेऊन पाहुण्यांची ओळख करून द्यायला लागले तेवढ्यात नाना उठले.

"नाना, आभार शेवटी," दगडूभाऊ पुटपुटले.

"आज आधी."

कोणी हसलं. नाना म्हणाले, "मागच्या वेळी साहेबांनी रुमालाचं सांगितलं ते आगीतून बाहेर पडण्यासाठी. आत जायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. रेकॉर्डिंग आहे. मी ते गाळलं. धुराला वास माझ्या पदरचा जोडला. ऐकायला चांगलं वाटावं म्हणून जोडला, दुसरं कारण नाही. भगवान त्या वाक्यावर टाकीत उतरला. साहेबांचं सगळं बरोबर होतं. माझं वाक्य परत."

मग सुनंदा उठली.

"परत? नाना, परत कसं घेशाल? कुठून घेशाल? यांच्या छातीतून?"

"नाही घेता येत, माय."

"मग बोलता कशाला? तुमचं मन हलकं करायला? इतके दिवस मी या साहेबाला शिव्या घातल्या. देवासमोर घातल्या. आता कोणाला घालू?"

"मला घाल."

"तुम्हाला घालता येत नाही, हीच तर पंचाईत आहे!" ती ओरडली आणि तोंडाला पदर लावून खाली बसली.

साहेब उठले. म्हणाले, "भाई, गलती मेरी भी है. मिलवालों के सामने बोल रहा था, टंकी की बात मुझे सूझनी चाहिए थी." नानांनी हात वर केला. "साहेब, तुमचं तुम्ही बघा. माझ्यातलं कमी करू नका."

मग भगवान बोलला. श्वास घेत, थांबत, त्यामुळे प्रत्येक तुकडा हॉलभर ऐकू गेला. "मला नानांनी नाही उतरवलं. ठेकेदारानं उतरवलं. रुमालानं फक्त... भीती गेली. रुमाल नसता तर भ्यायलो असतो." थांबला. "भ्यायलो असतो तर... उतरलो नसतो."

नानांची बाजू घ्यायला म्हणूनच तो बोलला होता. पण मी नानांकडे बघत होते. सुनंदाच्या ओरडण्यानं जे झालं नव्हतं ते या वाक्यानं झालं. वाकलेली मान आणखी वाकली आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला.

त्यानंतर नानांनी मला पत्रक लिहायला लावलं. वर ठेकेदाराचा गुन्हा, माझ्या सगळ्या रागासकट. त्याला त्यांनी एकही खूण केली नाही. त्याखाली त्यांची चूक, त्यांच्या पूर्ण नावानं. दगडूभाऊ म्हणाले, नाव कशाला, 'मंडळाकडून अनवधानाने' असं टाकू. नाना म्हणाले, "अनवधान म्हणजे कोण? आपल्या गल्लीत राहतो का तो?" आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत: टाकीत, गटारात, बंद खड्ड्यात उतरू नका. रुमाल, मास्क, काही बांधून उतरू नका. आत कोणी पडला तरी त्याच्यामागे उतरू नका. बाहेरून मदत बोलवा.

मी म्हटलं होतं तसंच झालं. ठेकेदारानं ते पत्रक जपून ठेवलं आणि जिथे दाखवायचं तिथे दाखवलं. भगवानचं प्रकरण अजून चालू आहे. नाना बरोबर होते की मी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मोठा शत्रू समोर असताना आपली चूक चव्हाट्यावर मांडू नये, असं मला लहानपणापासून शिकवलं गेलंय, आणि त्यात तथ्य आहे. पण त्या पत्रकावर, मी लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत पहिल्यांदाच, गेटवर कोणी शंका घेतली नाही. लोकांनी ते घडी घालून खिशात ठेवलं, जमिनीवर टाकलं नाही. हेही मी डोळ्यांनी बघितलं.

नाना आभार मानत राहिले, पण ते नाना राहिले नाहीत. पाच वाक्यांची पंधरा झाली, मग पंचवीस. प्रत्येक गोष्टीला ते पाहुण्यांकडे वळून विचारायचे, "साहेब, हे कुठे चालणार नाही?" पाहुणे गोंधळायचे, विचार करून काहीतरी सांगायचे, नाना तेही जोडायचे. लोक कंटाळू लागले. "नाना, आवरा, लूम चालू करायचीय," असा आवाज मागून यायचा. गल्लीतली टवाळ पोरं त्यांना बघून म्हणायची, "काय नाना, आज काय परत?" नाना ऐकून घ्यायचे. नेमकेपणा ही त्यांची एकुलती एक श्रीमंती होती, तीच त्यांनी स्वतःच्या हातानं मोडली. मला ते बघवत नसे. एकदा म्हटलं, "पूर्वीसारखं बोला ना." म्हणाले, "पूर्वीसारखं बोलायला मजा यायची. तीच नडली."

नंतर मी नोकरीसाठी सुरत सोडली. शेवटचं त्यांना बघितलं ते सुरतेतल्याच बमरोलीला. जायच्या आधी एका मैत्रिणीला भेटायला गेले होते. मिलवाल्यांच्या खोल्यांची तीन मजली इमारत, सकाळची अकराची वेळ, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. जिन्यात ओळखीचा आवाज ऐकला म्हणून थांबले. नाना एका दारात उभे होते, धाप लागलेले. एकटेच. रविवारच्या सभेला साठ-सत्तर माणसं होती, पण रुमालाचं वाक्य त्याआधी कुठे कुठे गेलं होतं, ते कोणाला ठाऊक? म्हणून ते वस्त्या पालथ्या घालत होते. दगडूभाऊंकडून मला नंतर कळलं की नवागाम संपवून ते इकडे आले होते.

दारातल्या बाईचे हात पिठात होते. ती कावलेली होती.

"माहितीये बाबा. तुम्ही ते रुमालवाले. चुकला होतात ना तुम्ही, वाचलंय आम्ही."

"मी चुकलो ते राहू दे," नाना म्हणाले. "घरधनी मिलमध्ये आहेत ना? ठेकेदार टाकीत उतरा म्हणाला तर काय करायचं त्यांनी?"

"नाही उतरायचं."

"रुमाल बांधून?"

"नाही म्हटलं ना."

"सोबतचा आत पडला तर?"

बाईचा पिठाचा हात मध्येच थांबला. तिनं याचा विचार केला नसावा. "तर... दोस्त असेल तर उतरतीलच की हो. माणूस मरताना बघत उभं राहायचं?"

नानांनी जिन्याचा कठडा सोडला आणि उंबऱ्यावर बसले, लवकर उठायचं नाही अशा बेतानं. "बस, माय," ते म्हणाले. "हे लांब आहे. पोळी होऊ दे, मी थांबतो. पण हे पुरतं ऐक."

मी तशीच खाली उतरले. त्यांनी मला बघितलं नाही.